मत्स्यपेटीतली भाऊबंदकी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

घरात रंगीत मासे पाळणाऱ्यांची एक ठरलेली तक्रार असते. ‘सहा मासे आणले होते. दुकानात किती गुण्यागोविंदानं राहत होते! पहिले काही महिने घरातही काही झालं नाही. मग एकानं दुसऱ्याचं शेपूट फाडलं, तिसरा एका सकाळी मेलेला सापडला, आणि आता सगळ्या टाकीत एकटा राजा उरलाय.’ एवढं सांगून झालं की प्रश्न येतो, ‘हा मासा इतका दुष्ट कसा हो?’

मी कविता लिहिणारा माणूस, मत्स्यशास्त्र शिकलेलो नाही. पण गेली पंचवीस वर्षं घरात मासे आहेत, त्यामुळे ओळखीतले लोक हा प्रश्न माझ्याकडे घेऊन येतात. आज त्याचंच उत्तर द्यायचं आहे. थोडक्यात सांगायचं तर मासा दुष्ट नसतो. तो जमीनवाला असतो आणि त्याच्या बांधावर कुणीतरी उभं राहिलेलं असतं.

ज्या माशांबद्दल ही तक्रार असते ते बहुतेक वेळा सिक्लिड नावाच्या कुळातले असतात. नाव अनोळखी वाटेल, पण मंडळी ओळखीची आहेत. दिवाणखान्यातला एंजल, गोल थाळीसारखा डिस्कस, मोठा होऊन मालकाच्या हातून खाणारा ऑस्कर, कपाळावर टेंगूळ असलेला आणि ‘घरात भरभराट आणतो’ म्हणून विकला जाणारा फ्लॉवरहॉर्न, आणि आफ्रिकेतले ते पिवळेधमक, निळेशार मासे ही सगळी याच कुळातली. इतकंच काय, उजनी धरणाच्या पाण्यात मच्छीमार ज्याला ‘चिलापी’ म्हणतात तो तिलापिया आणि गोव्याच्या ताटात येणारा कालुंदर हेही सिक्लिडच. जगभरात या कुळाच्या १,७०० हून अधिक जातींची नोंद झालेली आहे.

या कुळाचं एक वैशिष्ट्य लक्षात घेतलं की पुढचं सगळं उलगडत जातं. आपले रोहू, कटला पावसाळ्यात लाखो अंडी पाण्यात सोडतात आणि पुढे निघून जातात. सिक्लिड तसं करत नाहीत. ते अंडी राखतात, पिल्लं सांभाळतात. मध्य अमेरिकेतला काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा कन्व्हिक्ट घ्या किंवा आपला कालुंदर घ्या, नर आणि मादी दोघं मिळून पिल्लांच्या थव्याभोवती पहारा देतात. आफ्रिकेतल्या अनेक जातींत मादी अंडी तोंडात धरते आणि साधारण तीन आठवडे, पिल्लं पोहू लागेपर्यंत, जवळजवळ उपाशी राहते. आता ज्याला लेकरं वाढवायची आहेत त्याला जागा लागते. अंडी घालायला सपाट दगड, लपायला कपार, भोवती थोडं मोकळं अंगण. आणि जागा आली की हद्द आली. हद्द आली की भांडण आलं. बांधावरून कोर्टात गेलेली दोन-तीन घरं प्रत्येक गावात असतात. महाराष्ट्रातल्या वाचकांना हे वेगळं सांगायला नको.

आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचं उदाहरण घेऊ, कारण आपल्या दुकानांत ‘मिक्स आफ्रिकन’ म्हणून जे मासे मिळतात त्यातले बरेचसे मूळचे तिथले. मलावी, मोझांबिक आणि टांझानिया या तीन देशांमध्ये पसरलेलं हे सरोवर सुमारे ५८० किलोमीटर लांब आहे, म्हणजे जवळपास मुंबई ते गोवा. काठाशी खडकांच्या राशी आहेत आणि त्या खडकांवर शेवाळाचा थर असतो. हा थर खरवडून खाणाऱ्या माशांना तिथले लोक ‘म्बुना’ म्हणतात, म्हणजे खडकातला मासा. म्बुना नर एखाद्या कपारीवर हक्क सांगतो. शेवाळ त्याचं शेत, कपार त्याचं घर, आणि तिथेच तो मादीला बोलावणार. दुसरा नर जवळ आला की तो धावून जातो.

पण या धावून जाण्यातही एक शिस्त आहे. आधी पर ताठ होतात, रंग गडद होतात, कल्ल्यांची झाकणं फुलतात. दोघं बाजूबाजूला उभे राहून शेपटीनं एकमेकांवर पाणी फेकतात. एवढ्यानं निकाल लागला नाही तर तोंडात तोंड अडकवून ढकलाढकली होते. आणि मग एकाला कळतं की आपलं इथे काही चालणार नाही. तो पर मिटतो, त्याचा रंग फिका पडतो आणि तो निघून जातो. हीच त्यांची हार कबूल करायची भाषा. सरोवरात तो चार-सहा मीटर लांब गेला की विषय संपला. जिंकणाराही त्याच्या मागे फार लांब जात नाही, कारण तेवढ्यात आपल्याच कपारीत तिसरा शिरायचा.

आता हाच प्रसंग दोन फूट लांब काचेच्या पेटीत घडतो आहे असं समजा. हरलेल्यानं पर मिटले, रंग उतरवला, तोंड फिरवलं. रीतीप्रमाणे त्यानं सगळं केलं. फक्त एक गोष्ट त्याला करता येत नाही. त्याला जाता येत नाही. जिंकलेल्याच्या दृष्टीनं मात्र हा अजून हद्दीतच उभा आहे, म्हणजे त्यानं आव्हान मागे घेतलेलं नाही. म्हणून पुन्हा हल्ला. हरलेला पुन्हा काचेला धडकतो आणि तिथेच राहतो. पुन्हा हल्ला. निसर्गात अर्ध्या मिनिटात मिटलं असतं ते भांडण आपल्या दिवाणखान्यात तीन दिवस चालतं आणि एकाच्या मरणानं संपतं. मारणारा मासा असला तरी ती पेटी आपण बांधलेली असते. म्हणूनच हे समजून घेणं हा आपल्या जबाबदारीचा भाग आहे.

दुकानात मग हे मासे शांत का दिसतात? एक तर तिथली बहुतेक पिल्लं दीड-दोन इंचांची असतात, वयात आलेली नसतात. दुसरं, एका टाकीत ती शेकड्यानं कोंबलेली असतात, वर दगड नाही, कपार नाही. जिथे राखायला जमीनच नाही तिथे भांडायचं कशावरून? घरी आल्यावर त्यांना जागा मिळते, आठ-दहा महिन्यांत ती वयात येतात, आणि ‘काल-परवापर्यंत तर बरे होते’ असं आपण म्हणू लागतो.

हे मासे निव्वळ तापट डोक्यानं वागत नाहीत, बराच हिशेब करतात, हे शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं आहे. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात टांगानिका सरोवराच्या परिसरातल्या एका सिक्लिडवर प्रयोग झाला आणि तो २००७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. एका नराला काचेपलीकडून पाच नरांच्या झुंजी दाखवल्या. पहिल्यानं दुसऱ्याला हरवलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला, तिसऱ्यानं चौथ्याला, चौथ्यानं पाचव्याला. दुसरा आणि चौथा एकमेकांशी लढताना त्यानं कधीच पाहिले नव्हते. तरी त्या दोघांमध्ये निवड करायची वेळ आली तेव्हा प्रेक्षक मासा चौथ्याच्या, म्हणजे दुबळ्याच्या बाजूला जास्त वेळ राहिला. ‘याला त्यानं हरवलं, त्याला अमक्यानं हरवलं, तर हा अमक्यापेक्षा कमजोर’ हा हिशेब त्यानं निव्वळ बघून केला. याच जातीत वरचढ नर बाजूला काढला तर खालचा नर काही मिनिटांत रंग बदलून त्याची जागा घेऊ लागतो. आपण टाकीतून एक दादा उचलतो आणि दुसऱ्या दिवशी दुसरा दादा तयार असतो, त्याचं कारण हे. खुर्ची रिकामी राहत नाही.

प्राण्यांच्या वागणुकीच्या अभ्यासासाठी १९७३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालेल्या कोनराड लॉरेन्झ यांनीही आक्रमकतेवरच्या आपल्या १९६३ च्या पुस्तकात सिक्लिडांबद्दल लिहिलं आहे. या माशांची जोडी एकटीच ठेवली तर नर बाहेर कुणी भांडायला नाही म्हणून मादीवरच उलटतो, शेजारी कुणी असेल तर राग तिकडे जातो आणि संसार टिकतो, असं त्यांचं निरीक्षण. राग हा भांड्यातल्या वाफेसारखा आत साठत जातो, अशी त्यांची कल्पना होती. ती कल्पना आणि तिच्यावरून माणसांविषयी काढलेले निष्कर्ष पुढच्या अनेक अभ्यासकांनी मान्य केले नाहीत. मलाही माशांवरून माणसांना धडे देण्याचा मोह टाळावासा वाटतो. पण जोडीबद्दलचा तो अनुभव मासे पाळणाऱ्या अनेकांनी घेतलेला आहे आणि त्याचा उपयोग पुढे येईल.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते पाहू. भांडण पूर्ण थांबवता येणार नाही, आणि थांबवूही नये. पर फुलवलेला, रंगात आलेला नर हेच तर या माशाचं सौंदर्य आहे. आपल्याला साधायचं एवढंच की हरणाऱ्याला जायला वाट राहिली पाहिजे. पुढचे सगळे उपाय या एका वाक्याचे पोटभाग समजावेत.

पहिली गोष्ट जागेची. मलावीतल्या माशांसाठी चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच अशी टाकी मी किमान मानतो. तिच्यात साधारण अडीचशे लिटर पाणी मावतं. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच या नेहमीच्या टाकीत जेमतेम पंचावन्न लिटर बसतं. उंचीपेक्षा लांबी-रुंदी महत्त्वाची, कारण जमीन तळाशी मोजली जाते. उंच, देखणी, अरुंद टाकी म्हणजे एका खोलीवर चढवलेले चार मजले, भांडण तळमजल्यावरच होणार. मात्र अडीचशे लिटर पाणी म्हणजे अडीचशे किलो वजन, वर काच आणि दगड. टेबलावर हे ठेवता येत नाही, त्यासाठी नीट लोखंडी स्टँड हवा.

दुसरी गोष्ट मांडणीची. आपण टाकी सजवतो ती आपल्याला सगळे मासे एकदम दिसावेत म्हणून. पण आपल्याला सगळे दिसतात तेव्हा दादालाही सगळे दिसतात. म्हणून दगड असे रचावेत की एका टोकाच्या माशाला दुसरं टोक दिसू नये. सह्याद्रीतला काळा कातळ यासाठी उत्तम, तो पाण्यात विरघळत नाही. जांभा ठिसूळ असतो, तो टाळावा. दगड आधी काचेच्या तळावर पक्के बसवावेत आणि मग भोवती वाळू टाकावी. हे मासे वाळू उकरतात. वाळूवर ठेवलेला दगड खालून पोखरला गेला की कोसळतो, आणि त्याखाली मासा तरी जातो नाही तर काच तरी.

कपारी करायला फुटक्या कुंड्या, पीव्हीसी पाइपचे तुकडे काहीही चालतं. अट एकच, प्रत्येक कपारीला दोन तोंडं हवीत. माझी अम्मी मोठ्या एकत्र कुटुंबात नांदलेली. टाकीतला एक मासा कुंडीत कोंडला जाऊन मार खाताना पाहून ती म्हणाली होती, ‘एका चुलीवर चार सुना नांदतात रे, पण स्वयंपाकघराला मागचं दार लागतं.’ मासे पाळण्यावरची चार पुस्तकं वाचूनही याहून नेमकी सूचना मला सापडलेली नाही. एकच दार असलेली कपार म्हणजे आसरा नव्हे, ती कोंडी.

तिसरी गोष्ट संख्येची, आणि इथे नवख्यांना आश्चर्य वाटतं. म्बुनांच्या बाबतीत थोडी गर्दी उपकारक ठरते. टाकीत तीनच मासे असले तर एक मारतो, एक मार खातो, एक बघतो. अठरा-वीस असले तर दादानं कुणाकुणामागे धावायचं? एकाचा पाठलाग करेपर्यंत दुसरा अंगणात येतो. मार वाटला जातो, त्यामुळे एकच जीव दिवसभर भरडला जात नाही. पण गर्दीची किंमत पाण्याला मोजावी लागते. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो, तो विषारी असतो. फिल्टरमधले उपयोगी जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग त्यामानानं सौम्य नायट्रेट करतात. म्हणून फिल्टर दांडगा हवा, आणि दर आठवड्याला एक तृतीयांश पाणी बदललंच पाहिजे, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवून. आणि टाकी नवी असेल तर हे जिवाणू वाढायला काही आठवडे द्यावे लागतात. हे जमणार नसेल तर गर्दीचा उपाय करू नये. भांडणातून वाचलेले मासे घाण पाण्यानं मरतील.

गर्दी म्हणजे कुणाचीही खोगीरभरती नव्हे. एका नरामागे तीन-चार माद्या हव्यात. एक नर आणि एकच मादी असली तर तो तिच्या मागे लागून तिला थकवून मारतो. पिल्लं लहान असताना नर-मादी ओळखणं अवघड, म्हणून एका जातीची सहा-आठ पिल्लं घ्यावीत आणि मोठी झाल्यावर जादा नर दुकानदाराला किंवा दुसऱ्या हौशी माणसाला द्यावेत. जाती निवडताना रंग आणि अंगकाठी वेगवेगळी असू द्यावी. नराला सर्वांत जास्त राग येतो तो आपल्यासारख्याच दिसणाऱ्याचा, कारण खरा प्रतिस्पर्धी तोच. पिवळा ‘यलो लॅब’ त्यातल्या त्यात सौम्य, सुरुवातीला बरा. पिवळ्यावर काळे पट्टे असलेला ‘ऑराटस’ लहानपणी अतिशय गोड दिसतो, पण मोठेपणी तो कुळातल्या सर्वांत भांडखोरांपैकी एक होतो. ‘मिक्स आफ्रिकन’च्या पिशवीत तो हमखास असतो, म्हणून जात विचारल्याशिवाय मासा घेऊ नये.

चौथी गोष्ट प्रवेशाच्या क्रमाची. आधी आलेला मासा मालक होतो आणि नंतरचा घुसखोर. म्हणून शक्य तर सगळे एकदम सोडावेत. तसं जमत नसेल तर सौम्य जाती आधी, तापट शेवटी. जुन्या टाकीत नवे मासे सोडायचे असतील तर एकटादुकटा कधीच सोडू नये, चार-पाच एकत्र सोडावेत, आणि त्याआधी दगडांची मांडणी बदलावी. सगळ्या हद्दी पुसल्या गेल्या की जुन्या मालकांनाही नव्यानं घर शोधावं लागतं, आणि त्या गडबडीत नवे सामावले जातात. सोडण्याआधी जुन्यांना खायला घालावं आणि दिवा बंद ठेवावा. रात्र पाळली की सकाळपर्यंत निम्मं वैर विरतं. शेजारी ओळखीचे झाले की चकमकी कमी होतात, हेही अनेक सिक्लिड जातींत दिसून आलं आहे. रोज नवा शेजारी आणणं म्हणजे रोज नवा दावा दाखल करणं.

पाचवी गोष्ट आपल्या हवामानाची. पाणी तापलं की माशांची हालचाल वाढते, भांडणंही वाढतात, आणि नेमका तेव्हाच पाण्यातला प्राणवायू कमी होतो. मलावीच्या माशांना २४ ते २६ अंश सेल्सिअस पुरेसं आहे. जळगाव-नागपूरच्या मे महिन्यात पाणी सहज तिशीच्या वर जातं. अशा वेळी टाकीचं झाकण काढून, वर जाळी टाकून, पाण्याच्या पृष्ठभागावर टेबलफॅनचा वारा सोडावा. बाष्पीभवनानं तापमान दोनेक अंश उतरतं. बर्फाचे खडे एकदम टाकू नयेत. पाण्याच्या जातीचंही पाहावं लागतं. मलावीचं पाणी कठीण आणि अल्कधर्मी आहे. मराठवाड्यातल्या बोअरचं पाणी या माशांना बहुधा मानवतं. कोकणातलं मऊ पाणी असेल तर वाळूत शिंपल्यांचा चुरा मिसळावा.

अन्नाची गोष्ट सोपी आहे. दिवसातून दोनदा, थोडं थोडं आणि टाकीच्या दोन्ही टोकांना एकाच वेळी. एका ठिकाणी टाकलं तर दादा त्या ताटावर बसतो. म्बुना मुळात शेवाळ खाणारे, त्यांना शेवाळयुक्त दाणे द्यावेत. मांसाहारी अन्न फार झालं की त्यांचं पोट फुगतं आणि ते दगावतात.

हे सगळं झालं आफ्रिकेतल्या माशांचं. अमेरिकेतले सिक्लिड जोडीनं संसार करतात, आणि त्यांना गर्दीचा उपाय लागू नाही. कन्व्हिक्टची किंवा एंजलची जोडी जमली, तिनं एखादं पान किंवा फिल्टरची नळी साफ करायला घेतली, की समजावं अंडी येणार. मग टाकीतले बाकीचे सगळे एका कोपऱ्यात गोळा होतात. अशा जोडीला वेगळी टाकी द्यावी हे उत्तम. जोडीत नर मादीला छळत असेल तर लॉरेन्झनी सांगितलेलं शेजाऱ्याचं तत्त्व वापरावं. मध्ये भोकांची पारदर्शक पट्टी बसवून पलीकडे दुसरा सिक्लिड ठेवला की जोडी एक होऊन त्याच्यावर गुरगुरते आणि कुणालाच इजा होत नाही. वरच्या थरात चपळ माशांचा थवा ठेवणं हाही चांगला उपाय. सह्याद्रीच्या ओढ्यांत आढळणारा जायंट डॅनियो या कामी जगभर वापरला जातो. तो इतका वेगवान असतो की कन्व्हिक्टच्या हाती लागत नाही, आणि वर थवा निर्धास्त फिरतो आहे हे पाहून खालचे भित्रे मासेही बाहेर येतात.

ऑस्कर आणि फ्लॉवरहॉर्न यांचं गणित निराळं. ऑस्कर फूटभर वाढतो. फ्लॉवरहॉर्न तर निसर्गातला मासाच नव्हे, १९९० च्या दशकात मलेशियात संकर करून तो तयार झाला. मोठा फ्लॉवरहॉर्न बहुतेक वेळा एकटाच ठेवावा लागतो. ‘बिचारा एकटा’ म्हणून लोक त्याला सोबत आणतात. आपल्याला एकटेपणा वाटतो ते त्याला राज्य वाटतं. तेव्हा त्याला मोठी टाकी द्यावी, सोबत देऊ नये.

इतकं करूनही रोज दहा मिनिटं टाकीसमोर बसावं लागतं. टीव्हीकडे तोंड करून नव्हे, टाकीकडे. कोणता मासा वरच्या कोपऱ्यात, हिटरच्या किंवा फिल्टरच्या आडोशाला लटकून राहिला आहे? कुणाचे पर मिटलेले आहेत, शेपटी झिजली आहे, कोण अन्नाला येत नाही? तोच पुढचा बळी. त्याला लगेच काढून वेगळ्या पाण्यात बरा होऊ द्यावा. पण नुसता मार खाणारा काढून भागत नाही, दादा दुसरा बळी शोधतो. म्हणून दादालाही आठवडाभर बाहेर काढावं, मागे दगडांची मांडणी बदलावी आणि त्याला रात्री परत सोडावं. आता तो मालक उरत नाही, पाहुणा असतो. पाहुण्याची तोरी बरीच उतरलेली असते. दोन-तीनदा करूनही फरक पडला नाही तर त्याला वेगळं घर शोधणं हाच मार्ग.

वेगळं घर म्हणजे नदी नव्हे, तलाव नव्हे, विहीरही नव्हे. भांडखोर मासा मारवत नाही आणि ठेववत नाही, म्हणून काहीजण त्याला पाण्यात ‘मोकळा’ करतात. त्यांना ते पुण्य वाटतं. तिलापिया १९५२ मध्ये भारतात आणला गेला तो खाण्यासाठी, वाढवायला सोपा म्हणून. पण जे गुण त्याला पाळायला सोपे करत होते, तेच नदीत गेल्यावर डोईजड झाले. तळाशी खड्डे करून जागा धरणं, पिल्लं तोंडात सांभाळणं, वरचेवर वीण. आज देशातल्या कितीतरी जलाशयांत स्थानिक मासे मागे पडले आहेत आणि जाळ्यात चिलापी भरभरून येतो. शोभेच्या टाक्यांतून बाहेर पडलेल्या सकर माशानंही अनेक ठिकाणी मच्छीमारांची जाळी खराब करायला सुरुवात केली आहे. टाकीत एका माशाला जायला वाट नव्हती. आपण सोडलेल्या माशामुळे नदीतल्या अख्ख्या जातींना वाट उरत नाही.

आणि आपल्याकडचा सिक्लिड कोणता? तर कालुंदर. खाड्यांच्या मचूळ पाण्यात राहणारा, नर-मादी मिळून पिल्लं राखणारा. केरळात त्याला करिमीन म्हणतात आणि त्या राज्यानं २०१० मध्ये त्याला राज्यमासा म्हणून मान दिला. तोही आपल्या जागेसाठी भांडतो. पण खाडी मोठी आहे आणि भरती-ओहोटी दिवसातून दोनदा हद्दी पुसून जाते.

तेव्हा पुढच्या रविवारी मासे आणायला जाल तर आधी टेप घेऊन घरातली जागा मोजा. चार फूट मोकळे नसतील तर सिक्लिड घेऊ नका. गप्पी आहेत, मॉली आहेत, छोट्या टाकीतही त्या सुखानं नांदतात. जागा असेल तर मात्र जरूर पाळा, त्यांच्याइतका जिवंत, ओळख ठेवणारा मासा दुसरा नाही. दुकानदारानं पिशवीत रंग भरून दिले की प्रत्येक रंगाबद्दल एकच प्रश्न स्वतःला विचारा. हा हरला, तर आपल्या टाकीत कुठे जाईल? बोट ठेवून ती जागा दाखवता आली, तर खुशाल घरी आणा.